घरी गणित शिकविताना पाठ्यपुस्तकाची व स्वाध्यायपुस्तिकेची निवड
(शहापूर, बेळगाव परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

प्राथमिक वयाच्या मुलाला घरी गणित शिकविणारे पालक दोन प्रकारचे असतात. काही पालक प्रकृतीच्या, स्थलांतराच्या किंवा अन्य कारणाने मुलाचे सर्व शिक्षण काही काळ घरीच करतात. दुसऱ्या व संख्येने मोठ्या वर्गातील पालक मुलाला शाळेत पाठवून संध्याकाळी घरी त्याचा अभ्यास घेतात. दोघांपुढेही पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे कोणते पुस्तक घ्यावे. गणिताच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा होय. भाषेच्या पुस्तकातील एखादा धडा राहिला तरी पुढचा धडा वाचता येतो. परंतु गणितातील एखादी पायरी निसटली, की पुढील प्रत्येक पायरी डळमळते. चूक पुस्तकाच्या निवडीत झालेली असते आणि 'मूल गणितात मंद आहे' असा ठपका मात्र मुलावर येतो.

बेळगाव शहराचा भाग असलेले शहापूर या प्रश्नाच्या अभ्यासास योग्य ठिकाण आहे. पूर्वी सांगली संस्थानात असलेले हे गाव १९४८ मध्ये संस्थानाच्या विलीनीकरणाने मुंबई प्रांतात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाले. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या नावाची शाळा येथे आजही आहे. विणकाम हा येथील जुना व्यवसाय. घरात मराठी, रस्त्यावर मराठी व कन्नड, आणि अनेक शाळांत इंग्रजी, अशा वातावरणात येथील मूल वाढते. साहजिकच घरी शिकविणाऱ्या पालकापुढे कर्नाटकाची मराठी माध्यमाची पुस्तके, महाराष्ट्राची 'बालभारती'ची पुस्तके, केंद्रीय संस्थेची पुस्तके आणि खाजगी प्रकाशकांच्या पुस्तिका असे अनेक पर्याय एकाच वेळी उभे राहतात. यांतून निवड कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संख्यानामांची अडचण

पुस्तके पाहण्यापूर्वी येथील मुलाची खरी अडचण कोठे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. मराठीत दोन अंकी संख्येचे नाव उच्चारताना एकक आधी व दशक नंतर येतो. 'त्रेचाळीस' या शब्दात तीन प्रथम ऐकू येतात व चाळीस मागाहून. लिहिताना मात्र दशकाचा ४ आधी व एककाचा ३ नंतर लिहावा लागतो. त्यामुळे 'त्रेचाळीस' ऐकून ३४ लिहिणारे मूल ऐकलेल्या क्रमानेच लिहीत असते. 'एकोणतीस' या नावात तर तिसास एक कमी असा वजाबाकीचा विचार दडलेला आहे. तो न कळल्यामुळे 'तीस' हा उच्चार धरून मूल ३९ लिहिते. शिवाय एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असा क्रम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो.

ही अडचण केवळ मराठीची नाही. हिंदीतही एकक आधी येतो. जर्मन भाषेतही तसेच आहे आणि ती भाषा बोलणारी मुलेही संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल करतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. याउलट कन्नडमध्ये 'नलवत्तमूरु' म्हणजे सरळ चाळीस-तीन, आणि एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणजे वीस-एक. एकवीसपासून पुढे इंग्रजीतही दशक आधी उच्चारला जातो.

महाराष्ट्रात या विषयाची जाहीर चर्चा जून २०१९ मध्ये झाली. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचनपद्धतीला स्थान देण्यात आले, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. मुलांना संख्येचे लेखन व वाचन यांचा मेळ घालणे सुलभ व्हावे, हा या पद्धतीमागील हेतू गणिततज्ज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी स्पष्ट केला होता. या वादात कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न येथे गौण आहे. घरी शिकविणाऱ्या पालकाने एवढे जाणावे, की 'त्रेचाळीस' हे नाव टाकून देण्याचे कारण नाही. परंतु त्या नावापर्यंत जाण्यासाठी 'चाळीस आणि तीन' हा पूल बांधावा लागतो. पुस्तकात तो पूल आहे किंवा नाही, ही निवडीची पहिली कसोटी होय.

उपलब्ध पुस्तकांचे स्वरूप

(१) कर्नाटकाची पाठ्यपुस्तके : कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ कन्नडखेरीज मराठी, उर्दू, इंग्रजी आदी माध्यमांचीही पुस्तके प्रसिद्ध करतो. ज्या मुलाला शहापूर परिसरातील शाळेत शिकावयाचे आहे किंवा पुढे परत जावयाचे आहे, त्याच्या अभ्यासाचा कणा याच पुस्तकाचा असावा. पाठांचा क्रम व परीक्षेतील प्रश्नांची भाषा त्यामुळे ओळखीची राहते.

(२) बालभारतीची पुस्तके : महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी झाली. या मंडळाची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मराठीतून उदाहरण समजावून देण्यासाठी घरी त्यांचा चांगला उपयोग होतो. मात्र महाराष्ट्रात २०२५-२६ पासून इयत्ता पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत असल्याने पुस्तकाची आवृत्ती पाहून घ्यावी. एका इयत्तेचे जुने व पुढील इयत्तेचे नवे पुस्तक एकमेकांस जोडल्यास मधला भाग गळण्याचा संभव असतो.

(३) राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पुस्तके : इयत्ता तिसरीचे 'मॅथ्स मेला' हे पुस्तक २०२४ मध्ये आणि चौथी व पाचवीची पुस्तके २०२५ मध्ये आली. त्यांत खेळ, आकृतिबंध व अंदाज बांधणे यांवर भर आहे. ज्या पालकांना हिंदी किंवा इंग्रजी समजते, त्यांनी ही पुस्तके कृतींच्या संग्रहाप्रमाणे वापरावीत.

(४) अंकलिपी : पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांची उजळणी अनेक पिढ्यांनी अंकलिपीतून केली. पाठांतरासाठी तिचे मोल आजही आहे. परंतु अंकलिपी उत्तरे देते, ती उत्तरे का येतात हे सांगत नाही. म्हणून ती पाठ्यपुस्तकाच्या जागी ठेवू नये, जोडीस ठेवावी.

(५) खाजगी स्वाध्यायपुस्तिका : यांत गुणवत्तेची तफावत फार मोठी असते. रंगीत मुखपृष्ठ किंवा पानांची संख्या पाहून त्या घेऊ नयेत. त्या कशा तपासाव्यात, हे पुढे दिले आहे.

पाठ्यपुस्तक तपासण्याच्या कसोट्या

पुस्तक दुकानात अथवा पडद्यावर चाळताना पहिले पान पाहण्याऐवजी पुढील पाच ठिकाणे उघडावीत.

पहिली कसोटी स्थानिक किमतीची. दहा काड्यांचा गठ्ठा व सुट्या काड्या यांपासून आरंभ करून पुस्तक अंकांपर्यंत येते काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, चित्र व चिन्ह अशा तीन पायऱ्या मांडल्या. सिंगापूरने १९८० च्या दशकात आपल्या प्राथमिक गणिताची उभारणी याच क्रमाने केली. जे पुस्तक पहिल्या दोन पायऱ्या वगळून एकदम चिन्हावर येते, ते घरच्या अभ्यासास अपुरे आहे.

दुसरी कसोटी हातच्याची. ५२ मधून २७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन वजा करते व उत्तर ३५ लिहिते. योग्य उत्तर २५ आहे. पाच गठ्ठ्यांपैकी एक सोडून त्याच्या दहा काड्या सुट्या होतात, हे चित्र पुस्तकात असेल तर ही चूक सहसा टळते. 'शेजारून एक उसना घ्या' एवढाच नियम असेल, तर नियम पाठ होतो आणि चूक कायम राहते.

तिसरी कसोटी गुणाकार व भागाकार यांच्या अर्थाची. पाढ्यांपूर्वी समान गटांची व ओळी-रांगांची चित्रे असावीत. भागाकाराची मांडणी शिकविण्यापूर्वी वाटणीचे उदाहरण यावे. ७२ काड्या तिघांत वाटताना प्रथम सात गठ्ठ्यांतील दोन-दोन गठ्ठे प्रत्येकास द्यावयाचे, उरलेला एक गठ्ठा सोडावयाचा आणि हाती आलेल्या बारा काड्यांतून चार-चार वाटावयाच्या. प्रत्येकास २४ मिळतात. कागदावरील भागाकारात हेच घडते.

चौथी कसोटी शाब्दिक उदाहरणांची. पाठातील सर्व उदाहरणे त्याच पाठातील क्रियेची असतील, तर मूल वाचनच करीत नाही. दिसेल त्या संख्या जोडून किंवा गुणून मोकळे होते. चांगल्या पुस्तकात मिश्र उदाहरणे असतात, आणि कोणती क्रिया करावयाची हे मुलानेच ठरवावे लागते.

पाचवी कसोटी अंकांच्या लिपीची. देवनागरी अंक व आंतरराष्ट्रीय अंक दोन्ही येथील मुलाच्या डोळ्यांपुढे येतात. देवनागरी १ व आंतरराष्ट्रीय नऊ, तसेच देवनागरी ४ व आंतरराष्ट्रीय आठ यांच्या आकारांत लहान मुलाचा घोटाळा होऊ शकतो. मुख्य पाठ्यपुस्तक व स्वाध्यायपुस्तिका यांतील अंक निदान पहिले वर्षभर एकाच लिपीत असावेत. दुसरी लिपी स्वतंत्र तक्त्याने सावकाश शिकवावी.

खरेदीपूर्वीची दहा मिनिटांची चाचणी

मुलाचे वय आठ, म्हणून तिसरीचे पुस्तक, हा हिशेब बरोबर ठरेलच असे नाही. 'असर' या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांनाच भागाकाराचे उदाहरण सोडविता आले. इयत्तेचा आकडा आणि मुलाची पायरी यांत अंतर असू शकते, हे यावरून स्पष्ट होते. यास्तव पुस्तक घेण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत. मुलास ही परीक्षा वाटू नये, याची काळजी घ्यावी.

१. त्रेचाळीस, एकोणतीस व दोनशे पाच या संख्या ऐकून लिहिणे. ३४, ३९ किंवा २००५ असे लेखन झाल्यास स्थानिक किंमत पक्की नाही.
२. ५२ वजा २७. उत्तर ३५ आल्यास हातच्याचा अर्थ कळलेला नाही.
३. सहा गुणिले चार याचे चित्र काढणे. पाढा येतो पण चित्र येत नाही, असे असल्यास गुणाकार केवळ तोंडपाठ आहे.
४. ७२ वस्तू तिघांत वाटणे. वस्तू किंवा काड्या वापरू द्याव्यात.
५. भाकरीचा एकतृतीयांश तुकडा मोठा की एकचतुर्थांश, हे कारणासह सांगणे. चार हा तिनापेक्षा मोठा म्हणून एकचतुर्थांश मोठा, असे उत्तर आल्यास अपूर्णांकांचा आरंभ वस्तूंपासून करावा.

पहिल्याच प्रश्नात अडणाऱ्या तिसरीच्या मुलाला दुसरीचे संपूर्ण पुस्तक पुन्हा करावयास लावू नये. त्यात मूल कंटाळते आणि आपण मागे पडलो, ही भावना त्याच्या मनात घर करते. दुसरीच्या पुस्तकातील दशक-एककाचे एवढेच प्रकरण घ्यावे, ते पक्के करावे आणि तिसरीच्या पुस्तकाकडे परत यावे. इयत्ता खाली उतरवू नये, प्रकरण भरून काढावे, हे या चाचणीचे सूत्र होय. कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या 'नली-कली' उपक्रमातही शिडीची कल्पना आहे. मूल आपल्या गतीने एकेक पायरी चढते आणि पायरी पुरी झाल्यावरच पुढे जाते. घरी एकच विद्यार्थी असल्याने हे तत्त्व पाळणे शाळेपेक्षाही सोपे असते.

स्वाध्यायपुस्तिकेचे स्थान

पाठ्यपुस्तक समज देते आणि स्वाध्यायपुस्तिका सराव देते. या दोन कामांची गल्लत होऊ नये. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच लेखनासाठी कोरी पाने जोडण्यात आली होती. ही योजना जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आली. लेखनाच्या स्वतंत्र साधनाची गरज त्यामुळे पुन्हा पूर्ववत झाली आहे.

जपानमधील ओसाका येथील गणितशिक्षक तोरू कुमोन यांनी १९५४ मध्ये दुसरीत शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी रोज थोड्या सरावपत्रिका हाताने लिहिण्यास आरंभ केला. पुढे त्यातूनच जगभर पसरलेली सरावपद्धती उभी राहिली. घरी शिकविणाऱ्या पालकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. सराव रोजचा व थोडा असावा. तसेच तो त्या मुलाची नेमकी पायरी पाहून बेतलेला असावा. सर्वांसाठी छापलेल्या पुस्तिकेत हा दुसरा गुण आपोआप येत नाही, तो पालकास आणावा लागतो.

पुस्तिका निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

(अ) एका पानावर दहा-बारापेक्षा अधिक उदाहरणे नसावीत व लिहिण्यास पुरेशी जागा असावी.
(आ) उदाहरणे क्रमाने कठीण होत जावीत. पान उलटताच एकदम उडी नसावी.
(इ) पाच-सहा पानांनंतर मागील भागाची उजळणी असावी.
(ई) उत्तरे शेवटी असावीत आणि ती बरोबर असावीत. खरेदीपूर्वी कोणतीही पाच उत्तरे पालकाने स्वतः ताडून पाहावीत.
(उ) पुस्तिकेतील संज्ञा मुख्य पुस्तकातील संज्ञांशी जुळाव्यात. एकात 'हातचा' व दुसऱ्यात निराळाच शब्द असल्यास मूल शब्दातच अडकते.

एका वेळी एक मुख्य पाठ्यपुस्तक व एकच स्वाध्यायपुस्तिका पुरेशी आहे. तीन-चार पुस्तिका आणून प्रत्येकीची पहिली वीस पाने सोडविण्याने मुलाची समजूत वाढत नाही. चुकलेली उदाहरणे खोडून टाकू न देता तशीच राहू द्यावीत व शेजारी पुन्हा सोडवून घ्यावीत. चुकीचा प्रकार त्यातून दिसतो आणि पुढील आठवड्यात काय घ्यावयाचे, हे ठरविता येते. एकाच जातीची चूक तीनदा झाल्यास पुस्तिका बंद करून काड्यांकडे वळावे. चुकीच्या समजुतीवर केलेला सराव त्या समजुतीलाच बळकट करतो.

परिसरातील साहित्य

कोणतेही पुस्तक पुरे पडत नाही, ते काम घरातील वस्तू करतात. शहापूरच्या विणकर घरातील मुलाला ताणा व बाणा सांगावे लागत नाहीत. चौकड्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आडव्या ओळीत सहा चौकडे व अशा चार ओळी मोजल्या, की चोवीस येतात. तोच तुकडा फिरवून धरला, की ओळीत चार व ओळी सहा. चौकडे तेवढेच राहतात. सहा चोक आणि चार सक सारखेच का, हे मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असते. सहा मीटर कापडातून दीड मीटरचे किती तुकडे निघतील, हा प्रश्न दिडकीचे व्यवहारातील रूप होय. दीड, तीन, साडेचार, सहा असे मोजीत मूल चार या उत्तराशी येते आणि अंकलिपीतील पाठांतराला अर्थ लाभतो.

दोन रंगांचे शंभर मणी दहा-दहांच्या पट्ट्यांत ओवून माळ करावी. दिल्लीच्या 'जोडो ज्ञान' या संस्थेने अशा गणितमाळेचा प्रसार केला आहे. माळेवर चार पट्टे व तीन मणी मोजून मुलाने 'चाळीस आणि तीन' म्हणावे, ४३ लिहावे आणि मग 'त्रेचाळीस' हे नाव घ्यावे. येथेच शहापूरच्या मुलाला एक लाभ आहे, जो महाराष्ट्रातील पुष्कळ मुलांना नाही. शेजारच्या कन्नडभाषी सवंगड्याकडून ऐकलेले 'नलवत्तमूरु' त्याला अंकांचा क्रमच सांगत असते. पालकाने दोन्ही नावे शेजारी ठेवून दाखवावीत. दुसरी भाषा मुलाचा गोंधळ वाढविते, असा समज सर्रास आढळतो. संख्यालेखनात मात्र ती मदतीला येते.

शाळेशी सांधा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शेजारशाळेत दाखल करणे हे त्यानुसार पालकाचे कर्तव्य आहे. घरचा अभ्यास करविणाऱ्या पालकाने हे दृष्टीआड करू नये. शाळेबाहेर राहिलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश व आवश्यक ते विशेष प्रशिक्षण मिळण्याची तरतूदही याच अधिनियमात आहे. मूल परत शाळेत जाईल तेव्हा ते वयाच्या वर्गात बसेल. म्हणून घरी वापरलेल्या पुस्तकाने त्या वर्गाची मुख्य प्रकरणे घेतलेली असावीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी व आठवी यांना समकक्ष असे तीन स्तर आहेत. त्या मार्गाने जाणाऱ्यांनी त्या स्तराचा अभ्यासक्रम आधी मिळवून मगच पुस्तक ठरवावे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पालकाने वर्षाच्या आरंभी वर्गशिक्षकांस भेटून घरी कोणते पुस्तक वापरीत आहोत, हे सांगावे. वर्गात व घरी वजाबाकीच्या दोन निराळ्या रीती चालत असतील, तर मूल दोन्हींत चुकते.

दैनिक नियोजन

लहान मुलासाठी रोज चाळीस मिनिटे पुरतात. पहिली पंधरा मिनिटे वस्तू व पाठ्यपुस्तक, नंतरची पंधरा स्वाध्यायपुस्तिका आणि शेवटची दहा तोंडी गणित व पाढे, अशी विभागणी करावी. आठवड्यातून एक दिवस नवा भाग न घेता आठवडाभरातील चुकांचीच उजळणी करावी. दर तीन महिन्यांनी वरील चाचणी संख्या बदलून पुन्हा घ्यावी. मूल पुढे सरकले असेल तर पुस्तक योग्य आहे. सरकले नसेल तर प्रथम शिकविण्याची रीत तपासावी, नंतर पुस्तक, आणि मुलाच्या बुद्धीविषयी शंका सर्वांत शेवटी घ्यावी.

समारोप

थोडक्यात, ज्या शाळेशी मुलाचा संबंध आहे तेथील पाठ्यपुस्तक मुख्य धरावे, समजावून देण्यासाठी मातृभाषेतील दुसरे पुस्तक जवळ ठेवावे, सरावासाठी एकच पुस्तिका घ्यावी आणि पाठांतरासाठी अंकलिपी वापरावी. या सर्वांच्या आधी मुलाची पायरी पाहावी. 'त्रेचाळीस' ऐकून ३४ लिहिणाऱ्या मुलाला पुस्तकाने आणि पालकाने चार गठ्ठे व तीन काड्या दाखविल्या, तर ती चूक काही आठवड्यांत दूर होण्यासारखी असते. त्या वेळी ती दाखविली गेली नाही, तर हेच मूल पाचवीत भागाकाराशी अडते आणि आपल्याला गणित येत नाही, असे स्वतःच म्हणू लागते. ते टाळणे घरी शिकविणाऱ्या पालकाच्या हाती आहे.